मुलगा कसा आहे, हा प्रश्न विचारायचा केव्हा?

२० सप्टेंबर १९५४ च्या रात्री न्यूयॉर्कमधील एका स्टुडिओतून सीबीएस या अमेरिकन दूरचित्रवाणी जाळ्याने 'स्टुडिओ वन' या साप्ताहिक नाट्यमालिकेचा एक भाग प्रक्षेपित केला. तो काळ थेट प्रक्षेपणाचा होता. नटाने संवाद उच्चारला की त्याच क्षणी तो प्रेक्षकांच्या घरात पोहोचत असे. चुकला तर दुरुस्तीची सोय नव्हती. मधल्या वेळात प्रायोजक वेस्टिंगहाऊस कंपनीच्या घरगुती उपकरणांच्या जाहिराती येत. तासाभराच्या या कार्यक्रमात त्या रात्री ना प्रेमकथा होती, ना हाणामारी. एक बंद खोली, एक लांब टेबल आणि त्याभोवती बसलेली बारा सामान्य माणसे, एवढाच सारा पसारा होता. भागाचे नाव होते 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', म्हणजे 'बारा संतप्त माणसे'.

लेखक रेजिनाल्ड रोझ यांना त्या सुमारास न्यूयॉर्कमधील मनुष्यवधाच्या एका खटल्यात ज्युरीचे सभासद म्हणून बसावे लागले होते. ज्युरीच्या खोलीत तासन्‌तास चाललेल्या कडाक्याच्या वादाचा अनुभव त्यांच्या मनात रुतून बसला आणि त्यातून ही संहिता जन्मली. दिग्दर्शन फ्रँकलिन शॅफनर यांचे होते. आठव्या क्रमांकाच्या ज्युररची भूमिका रॉबर्ट कमिंग्ज यांनी केली. या एका भागासाठी तिघांनाही दूरचित्रवाणी क्षेत्रातील मानाचे 'एमी' पारितोषिक मिळाले. तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, सिडनी ल्युमेट यांनी हेन्री फोंडा यांना घेऊन त्यावर चित्रपट केला आणि हे नाव जगभर पोहोचले.

सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही या कलाकृतीची चर्चा होते ती प्रामुख्याने 'एकट्या माणसाच्या धैर्याची कथा' म्हणून. ते खोटे नाही, परंतु पुरेसेही नाही. ही कथा त्या खोलीत नसलेल्या एका मुलाची आहे. बिघडलेल्या म्हटल्या जाणाऱ्या मुलाकडे समाजाने कसे आणि मुख्य म्हणजे केव्हा पाहावे, हा तिचा खरा विषय आहे.

पिंजऱ्यातील मुलगा

आरोपी जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. गलिच्छ वस्तीत वाढलेला. नऊ वर्षांचा असताना आई गेली. बाप हात उगारणारा. घटनेच्या रात्रीही त्याने मुलाला मारले होते. मुलाचा पूर्वेतिहासही काळाच: सुधारगृहात राहून आलेला, मोटार चोरलेली, वाटमारीचा आरोप, चाकूच्या मारामारीत नाव. आता त्याच्यावर बापाचा खून केल्याचा आरोप आहे आणि दोषी ठरल्यास शिक्षा एकच आहे, मृत्युदंड. पहिल्या मतदानात अकरा जण 'दोषी' म्हणतात. एकजण 'दोषी नाही' म्हणतो. तोही मुलगा निर्दोष असल्याची खात्री आहे म्हणून नव्हे, तर एका जिवाचा निर्णय पाच मिनिटांत घेणे त्याला पटत नाही म्हणून.

पुढील घटनाक्रम सर्वपरिचित आहे. ज्या खटक्याच्या चाकूसारखा दुसरा चाकू नाही असे सरकारी पक्ष सांगतो, हुबेहूब तसाच चाकू हा आठवा ज्युरर खिशातून काढून टेबलावर ठेवतो. मुलाच्या घराजवळच्या एका दुकानातून त्याने तो विकत घेतलेला असतो. खालच्या मजल्यावरचा लंगडणारा वृद्ध साक्षीदार पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोहोचू शकतो का, हे पावले मोजून तपासले जाते. समोरच्या इमारतीतील स्त्रीने धावत्या आगगाडीच्या डब्यांतून खून पाहिला म्हणे. परंतु तिच्या नाकावर चष्म्याचे वळ होते आणि अंथरुणात कोणी चष्मा लावून झोपत नाही. एकेक मत फिरत जाते.

या साऱ्या तपशिलांत एक गोष्ट लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. 'दोषी' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद पुराव्यावर फार वेळ टिकत नाही. तो पुन्हा पुन्हा मुलाच्या जातकुळीवर घसरतो. 'त्या वस्तीतली मुले अशीच', 'त्याचा इतिहास पाहा', 'आजकालची पिढीच बिघडलेली', ही त्यांची खरी साक्ष असते. दहाव्या क्रमांकाचा ज्युरर तर 'त्या लोकां'विषयी असे काही गरळ ओकतो की त्याच्या बाजूने मत देणारेही त्याच्याकडे पाठ फिरवतात. आणि पाचव्या क्रमांकाचा ज्युरर, जो स्वतः तशाच वस्तीत लहानाचा मोठा झाला आहे, तो हे सारे ऐकत असतो. चाकू कसा धरतात हे त्या खोलीत त्यालाच ठाऊक असते. बापाच्या छातीतील जखमेची दिशा त्या चाकूशी जुळत नाही हेही तोच दाखवून देतो. ज्या वस्तीला आरोपी मानले जात होते, त्याच वस्तीचे ज्ञान न्यायाच्या उपयोगी पडते.

दुसरा मुलगा

नाटकात आणखी एक मुलगा आहे. तो पडद्यावर येत नाही, न्यायालयातही नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या ज्युररचा तो मुलगा आहे. लहानपणी तो मारामारीतून पळून आला म्हणून बापाला लाज वाटली. 'मी याला पुरुष बनवीन' असा विडा त्या बापाने उचलला. मुलगा वाढला, एक दिवस त्याने बापावरच हात उगारला आणि घर सोडले. कित्येक दिवसांत बापलेकांची भेट नाही. शेवटपर्यंत 'दोषी'वर अडून बसलेला एकटा माणूस हाच असतो, आणि तो हळूहळू प्रेक्षकांना उमगत जातो. त्याला ज्याला शिक्षा द्यायची आहे तो मुलगा पिंजऱ्यात नाहीच. तो दुसऱ्याच कुठल्या गावी, बापाशी अबोला धरून जगत आहे.

रोझ यांनी हा धागा इतक्या संयमाने विणला आहे की तो व्याख्यान होत नाही. परंतु त्यात घरोघरी लागू पडणारे सत्य आहे. वडीलधाऱ्यांचा तरुणांवरील राग पुष्कळदा त्या तरुणांमुळे निर्माण झालेला नसतो. तो स्वतःच्या अपयशाचा, तुटलेल्या नात्याचा, न मिळालेल्या मानाचा राग असतो. घरात तो राग निघाला तर एक मुलगा दुरावतो. न्यायालयात निघाला तर एका मुलाला फासावर जावे लागते.

हे १९५४ साल होते, हेही विसरता कामा नये. बालगुन्हेगारी हा त्या वर्षांतील अमेरिकेचा मोठा काळजीचा विषय होता. सिनेटची उपसमिती त्याच वर्षी चित्रकथांच्या पुस्तकांवर सुनावण्या घेत होती. मुले बिघडतात ती या पुस्तकांमुळे, असा अनेकांचा दावा होता. खटक्याच्या चाकूची तर एवढी धास्ती होती की १९५८ मध्ये त्याच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घालणारा कायदा करण्यात आला. 'तरुण पिढी हाताबाहेर गेली' हे वाक्य घरोघरी ऐकू येत असताना एका लेखकाने तोच चाकू टेबलावर रोवला आणि विचारले: पिढीचे राहू द्या, या एका मुलाविरुद्ध पुरावा काय आहे?

दोन प्रश्न आणि त्यांच्या वेळा

येथे मूळ मुद्द्याकडे यावे लागते. मुलाविषयी समाजाने विचारायचे प्रश्न दोन आहेत. पहिला, 'हा मुलगा कसा आहे?' दुसरा, 'याने काय केले?' दोन्ही आवश्यक आहेत. परंतु प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. पहिला प्रश्न गुन्ह्याच्या आधी विचारायचा असतो, कुटुंबाने, शेजाऱ्यांनी, शिक्षकांनी. आणि निकालानंतर पुन्हा विचारायचा असतो, सुधारणेचा मार्ग ठरविण्यासाठी. मधल्या टप्प्यात, म्हणजे आरोप सिद्ध होतो की नाही हे ठरविताना, केवळ दुसऱ्याच प्रश्नाला स्थान आहे.

प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. आई गेलेला नऊ वर्षांचा पोर शाळेत येतो, वर्गात मागे बसतो, चिडतो, अंगावर वळ घेऊन फिरतो; तेव्हा 'हा मुलगा कसा आहे?' असे कोणी विचारीत नाही. तो अठरा वर्षांचा होऊन पिंजऱ्यात उभा राहिला की मात्र ज्याला त्याला त्याचे संस्कार, त्याची वस्ती, त्याचे आईबाप आठवू लागतात. जी आस्था दहा वर्षांपूर्वी दाखवायची ती कोणी दाखविली नाही. आणि तीच आता निवाड्याचे सोंग घेऊन येते.

यावर आक्षेप घेता येईल आणि तो घ्यायलाही हवा. मेलेल्या बापाचे काय? समाजाच्या सुरक्षिततेचे काय? संशयाचा फायदा देत राहिले तर खुनी मोकाट सुटतील, त्याचे काय? या आक्षेपात तथ्य आहे. नाटकही मुलगा निर्दोष होता असे कोठेही सांगत नाही. कदाचित त्यानेच खून केला असेल. इतकेच नव्हे, त्या आठव्या ज्युररचे वर्तन कायद्याच्या दृष्टीने सदोष आहे; ज्युरीच्या सभासदाने स्वतः तपास करून बाहेरून वस्तू आणणे नियमात बसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी २०१० मध्ये या चित्रपटामुळे आपण कायद्याकडे ओढले गेलो असे सांगितले, परंतु न्यायाधीश असताना आपण ज्युरीला त्याचे अनुकरण न करण्याची सूचना देत असू, हेही प्रांजळपणे नमूद केले. परंतु या दोषाने मूळ प्रश्न पुसला जात नाही. उलट तो अधिक टोकदार होतो. जे काम एका ज्युररला नियम मोडून करावे लागले, ते मुलाच्या वकिलाने का केले नाही? गरीब मुलाला मिळालेला तो वकील न्यायालयाने नेमलेला आणि निरुत्साही होता, याची जाणीव नाटक करून देते. बापाला न्याय मिळायचा तर खरा मारेकरी सापडायला हवा. जवळचा मुलगा पकडून भागत नाही.

इतिहासाची साक्ष

या दूरचित्रवाणी भागाची संपूर्ण ध्वनिचित्रफीत पुढे जवळजवळ अर्धशतक हरवली होती. फक्त पूर्वार्धच उपलब्ध होता. २००३ मध्ये पूर्ण प्रत सापडली ती सॅम्युएल लिबोविट्झ या दिवंगत विधिज्ञाच्या न्यूयॉर्कमधील घरी. हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. कारण पिंजऱ्यातील मुलांसाठी उभे राहण्यात या माणसाचे नाव अमेरिकेच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

१९३१ मध्ये अलाबामा राज्यात मालगाडीतून प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्यांतील बहुतेक जण विशीच्या आतले होते. स्कॉट्सबरो येथे अटकेनंतर सुमारे दोन आठवड्यांत त्यांपैकी आठ जणांना मृत्युदंड झाला. ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये पुरेशी वकिली मदत न मिळाल्याच्या कारणाने ते निकाल रद्द केले आणि पुढील खटल्यांत लिबोविट्झ मोबदला न घेता उभे राहिले. दोन स्त्रियांपैकी एकीने न्यायालयात आपला आरोप मागे घेतला, तरी ज्युरीने 'दोषी' असाच निर्णय दिला. ज्युरीच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावे मागाहून घुसडली गेल्याचे लिबोविट्झ यांनी सर्वोच्च न्यायालयात भिंगाखाली दाखवून दिले. १९३५ मध्ये न्यायालयाने वर्णावरून ज्युरीतून वगळणे घटनाबाह्य ठरविले. नवांपैकी कोणालाही प्रत्यक्ष मृत्युदंड झाला नाही. परंतु काहींची उमेदीची वर्षे तुरुंगात संपली.

ज्यांना लिबोविट्झ मिळाले नाहीत, त्यांचे काय झाले? १९४४ मध्ये साउथ कॅरोलिनात जॉर्ज स्टिनी या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर दोन मुलींच्या खुनाचा खटला चालला. खटला एका दिवसात संपला. ज्युरीने सुमारे दहा मिनिटांत निर्णय दिला. तीन महिन्यांच्या आत त्याला विजेच्या खुर्चीत बसविण्यात आले. २०१४ मध्ये न्यायालयाने तो निकाल रद्द केला; सत्तर वर्षांनंतर. रोझ यांच्या आठव्या ज्युररने पाच मिनिटांत निर्णय घेण्यास दिलेला नकार हा नाट्यमय कल्पनाविलास नव्हता, हे या एका नोंदीवरून कळते.

याच्या उलट टोकाची चूकही अमेरिकेने केली. १८९९ मध्ये शिकागो येथे पहिले बालन्यायालय स्थापन झाले, ते अत्यंत सदिच्छेने. न्यायाधीशाने पित्यासारखे वागावे, मुलाने काय केले यापेक्षा त्याला काय हवे हे पाहावे, अशी कल्पना होती. परिणाम काय झाला? १९६४ मध्ये अॅरिझोनातील १५ वर्षांच्या एका मुलाला शेजारणीला अश्लील दूरध्वनी केल्याच्या आरोपावरून वयाच्या २१ वर्षांपर्यंत सुधारशाळेत पाठविण्याचा आदेश झाला. प्रौढाने हाच गुन्हा केला असता तर किरकोळ दंड किंवा फार तर दोन महिन्यांची कैद झाली असती. तक्रारदार स्त्री न्यायालयात आली नाही, वकील मिळाला नाही, धड नोंद ठेवली गेली नाही. 'मुलगा कसा आहे' एवढेच विचारले गेले आणि 'त्याने हे केले का' हा प्रश्न बाजूला राहिला. १९६७ मध्ये गॉल्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांनाही वकील, आरोपाची सूचना आणि साक्षीदाराच्या उलटतपासणीचा अधिकार असल्याचे बजावले. क्रौर्याने असो वा करुणेने, प्रश्नांची अदलाबदल झाली की अन्याय होतोच.

हा धडा एकदा शिकून संपत नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील अमानुष हल्ल्याच्या प्रकरणात १४ ते १६ वर्षे वयाच्या पाच मुलांना दोषी ठरविण्यात आले. संतप्त समाजाला 'अशी मुले' कशी असतात ते ठाऊक होते. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराची कबुली आणि जनुकीय चाचणी यांमुळे ते पाचही जण निर्दोष ठरले. तोवर त्यांचे तारुण्य तुरुंगात सरले होते.

मुंबईची ज्युरी

हा विषय केवळ अमेरिकेचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९८६ मध्ये बासू चटर्जी यांनी 'एक रुका हुआ फैसला' या नावाने ही कथा हिंदीत आणली. के. के. रैना यांनी संशय व्यक्त करणारा आणि पंकज कपूर यांनी अडून बसलेला बाप साकारला. गंमत अशी, की तोपर्यंत भारतातून ज्युरी पद्धत हद्दपार झाली होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नव्हते. तरीही प्रेक्षकांना ते बारा जण परके वाटले नाहीत, कारण तसे बारा जण प्रत्येक चाळीत, कचेरीत आणि लोकलच्या डब्यात बसलेले असतात.

ज्युरी पद्धतीवरील विश्वास डळमळण्यास जे खटले कारणीभूत झाले, त्यांत १९५९ चा मुंबईचा नानावटी खटला सर्वांत गाजलेला. नौदलातील एका रुबाबदार अधिकाऱ्याने पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या होत्या. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने अधिकाऱ्याच्या बाजूने मोहीम उघडली. त्याच 'ब्लिट्झ'मध्ये बासू चटर्जी अनेक वर्षे व्यंगचित्रकार होते. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी 'दोषी नाही' असा निर्णय दिला. सत्र न्यायाधीशांनी तो मान्य न करता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने जन्मठेप ठोठावली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

मुंबईच्या ज्युरीने केलेली चूक आणि रोझ यांच्या नाटकातील अकरा जण करू पाहत होते ती चूक, या वरकरणी विरुद्ध दिसतात. मुळात एकच आहेत. अकरा जणांनी विचारले, 'हा कोठला?' आणि उत्तर 'गलिच्छ वस्तीतला' असे आले म्हणून फास तयार ठेवला. मुंबईच्या ज्युरीसमोर गणवेशातला, देखणा, चांगल्या घरचा पुरुष उभा होता. त्याच्यासाठी दार उघडण्यात आले. माणूस पाहून निवाडा झाला, कृत्य पाहून नव्हे.

दोन घरची मुले

हा रोग मे २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा दिसला. कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा मद्याच्या अमलाखाली चालवीत होता, असा आरोप ठेवण्यात आला. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला; अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. सारा देश संतापला. काही दिवसांतच त्याला निरीक्षणगृहात पाठविण्यात आले, जूनमध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला आणि जुलै २०२५ मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. रक्ताचे नमुने बदलल्याचा गंभीर आरोपही या प्रकरणात पुढे आला.

त्या निबंधाचा राग समाजाला का आला? मुलाविषयी दया दाखविली म्हणून नव्हे. ती दया अवेळी आणि फार स्वस्तात दाखविली गेली, म्हणून. दोन घरांतील कमावती मुले गेली होती आणि नेमके काय घडले याचा उलगडा होण्याआधीच 'मुलाला सुधारू या' ही भाषा सुरू झाली. झोपडपट्टीतील एखाद्या पोराने हेच केले असते तर त्याला निबंध लिहायला सांगितले असते काय, हा रस्त्यावरच्या माणसाचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. 'तसल्या वस्तीतला' हा पूर्वग्रह आणि 'चांगल्या घरचा' हा पूर्वग्रह एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मात्र त्या संतापाच्या भरात 'त्याला भर चौकात शिक्षा द्या' अशा ज्या आरोळ्या उठल्या, त्याही अकरा ज्युररांच्याच आवाजातल्या होत्या, हेही मान्य करावे लागेल.

आपला कायदा या बाबतीत अजाण नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ मध्येच झाला होता. २००० च्या बाल न्याय कायद्याने वयोमर्यादा १८ वर्षे ठरविली. दिल्लीतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर लोकक्षोभ उसळला आणि २०१५ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यांत १६ ते १८ वयोगटातील मुलाचे प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालविण्याची वाट मोकळी केली. तरीही मृत्युदंड आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही. अमेरिकेने अठरा वर्षांखालील गुन्हेगारांचा मृत्युदंड संपविला तो २००५ मध्ये, आणि तोही पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घराची, शाळेची, संगतीची चौकशी करून सामाजिक तपासणी अहवाल द्यावा, हीसुद्धा आपल्या कायद्यातील तरतूद आहे. 'मुलगा कसा आहे' या प्रश्नाला कायद्याने दिलेली ती हक्काची जागा आहे. तो अहवाल मनापासून लिहिला जातो की रकाने भरण्यापुरता, यावर त्या तरतुदीचे मोल ठरणार आहे.

निकालानंतरची संध्याकाळ

दूरचित्रवाणीवरील त्या मूळ प्रयोगात अकराव्या क्रमांकाचा ज्युरर युरोपातून आलेला निर्वासित आहे. ती भूमिका जॉर्ज व्होस्कोवेक यांनी केली, प्रयोगातही आणि पुढे चित्रपटातही. ते मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे नाटककार आणि नट. आधी नाझींमुळे आणि मग कम्युनिस्टांमुळे त्यांना मातृभूमी सोडावी लागली. अनोळखी मुलाच्या जिवाविषयी बारा जणांनी शांतपणे बसून विचार करावा, याचे मोल त्या खोलीत सर्वांत अधिक त्या निर्वासिताला कळते. ज्यांना ही गोष्ट जन्मतःच मिळाली, ते घड्याळाकडे पाहत असतात.

चित्रपटाच्या शेवटी सर्वजण निघून जातात. पराभूत होऊन कोसळलेला तो तिसरा ज्युरर एकटा उरतो आणि ज्याच्याशी तो दिवसभर भांडला, तोच आठवा ज्युरर त्याचा कोट आणून त्याच्या अंगावर चढवतो. मतभेद संपल्यावर माणुसकी उरते, हे एका शब्दाविना सांगितले जाते.

परंतु त्या मुलाचे काय? तो सुटला असेल. आई नाही, बाप मेला आहे, घर म्हणजे खून झालेली ती खोली. संध्याकाळी न्यायालयाच्या पायऱ्या उतरून तो कोठे गेला असेल? बारा जणांनी आपले काम केले. 'याने काय केले' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर त्यांनी दिले. 'हा मुलगा कसा आहे' हा प्रश्न मात्र तसाच उरला आणि त्याचे उत्तर देणे हे ज्युरीचे काम नव्हतेच. ते काम पायऱ्यांच्या खाली उभ्या असलेल्या समाजाचे होते. नऊ वर्षांच्या असताना ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, त्याच्याकडे निदान आता तरी कोणी पाहील काय, हे नाटक सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी प्रत्येक गावातील, प्रत्येक वस्तीतील वडीलधाऱ्यांवर आहे. आणि ती पार पाडण्यासाठी खटला उभा राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा, अंगावरचे वळ सदऱ्याखाली झाकणारा एखादा मुलगा आजही कोठल्या ना कोठल्या शाळेत आहे. त्याच्याविषयी तो प्रश्न विचारण्याची वेळ आजचीच आहे.